पाठीवर पिशवी आणि परका मुलूख
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात विहारात केलेले भाषण)



संयोजक मंडळींचा आग्रह असा की, "तुम्ही दोघं नेपाळला जाऊन आलात, त्यावर बोला." आम्ही म्हणालो, बोलायचं तर सगळं बोलू, फक्त फोटो दाखवल्यासारखं गोडगोड बोलणार नाही. त्यांनी मान डोलावली, म्हणून उभे राहिलो आहोत.

आम्ही दोघं म्हणजे कोण, हे देवणीत सांगायची गरज नाही. तरी बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून सांगतो. एक हे बोलणारे. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सारं शिक्षण डाळमिलच्या पोत्यावर बसून, वाचनालयातली पुस्तकं आणून झालं. दुसरे आमचे जिवलग स्नेही. कपडे शिवतात, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते आज सभेत बसलेत, पण बोलायला उठणार नाहीत. त्यांची जीभ कात्रीत आहे.

परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं विमान येतं. अहो, आपल्याला भालकी जवळ आणि मुंबई लांब. सीमा ओलांडायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, फक्त ती कर्नाटकाची. तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये, दिवाळीचं शिलाईकाम संपल्यावर, मास्तरनं पोराची शाळेची सॅक पाठीला लावली, आम्ही एक कॅनव्हासची पिशवी घेतली, आणि उदगीर स्टेशन गाठलं. गल्लीत विचारणा झाली, "कुठं निघालाव दोघं?" मास्तर म्हणाले, "परदेशात." बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

उदगीरहून परभणी, परभणीहून मनमाड, मनमाडहून कुशीनगर एक्सप्रेसनं गोरखपूर. तिथून बसनं सोनौली. सोनौलीला एक कमान आहे. अलीकडं आपला शिपाई, पलीकडं त्यांचा. १९५० च्या तहामुळं आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही. आम्ही मतदार ओळखपत्र खिशातून काढलं, शिपायानं पाठीवरच्या सॅकवरचं छोटा भीमचं चित्र बघितलं, हसला, आणि जा म्हणाला. झाला परदेश.

पलीकडं गेल्यावर पहिला आनंद कशाचा झाला सांगू? पाट्यांचा. सगळ्या पाट्या देवनागरीत! कर्नाटकात दहा कोसांवर गेलो की आपण अडाणी होतो, पाटी वाचता येत नाही. इथं दुसऱ्या देशात येऊन आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे मोठ्यानं वाचत चाललोय. 'पसल' म्हणजे दुकान, 'चिया' म्हणजे चहा, 'खाजा घर' म्हणजे फराळाचं हॉटेल. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, आणि कॅलेंडर तर छप्पन-सत्तावन्न वर्षं पुढं. दुकानात २०७६ साल लटकत होतं. आपल्या एका रुपयाला त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. त्या वेळी शंभराच्या वरची आपली नोट तिथं चालत नव्हती, २०१८ च्या डिसेंबरात त्यांच्या सरकारनं बंदी घातली होती, म्हणून सगळे पैसे शंभराच्या नोटांत. मास्तरनं बनियनला आतून खिसा शिवला होता. तो इतका फुगला की गोरखपूरला एका बाईनं त्यांना पोटाचा आजार आहे का असं विचारलं.

आणि डाळ! सकाळ-संध्याकाळ डाळ-भात-तरकारी. आमचा जन्म डाळीत गेलेला, त्यामुळं ताटात कोणती डाळ आली हे आम्ही आधी बघणार. तुरीला ते 'रहर' म्हणतात, उडदाला 'मास'. मसूर तर मुबलक. लोखंडी कढईत शिजवलेली काळी उडदाची डाळ, वर जिंबू नावाच्या डोंगरी गवताची फोडणी. आपल्याकडं तुरीच्या वरणाशिवाय जेवण नाही, पण ही चव आम्ही अजून विसरलो नाही.

आता लुंबिनीकडं येतो. भैरहवा गावापासून वीस-बावीस किलोमीटर. लुंबिनी म्हणजे आपल्या मनातलं एक चित्र असतं, शालवृक्षाखाली महामाया उभी आहे असं. प्रत्यक्षात गेलात तर सपाट तराईचा मुलूख, भातकापणी झालेली शेतं, आजूबाजूच्या गावांत हिंदू आणि मुसलमान वस्ती. आमचा रिक्षावाला मुसलमान होता. तो म्हणाला, बुद्ध आमच्या गावचा आहे. मोठ्या थाटात म्हणाला.

जन्मस्थानाजवळ अशोकाचा स्तंभ आहे. १८९६ साली त्यावरचा लेख उजेडात आला आणि जागा नक्की झाली. लेख लहान आहे, चार-पाच ओळींचा. त्याचा मतलब असा: राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, पूजा केली, दगड उभारला, आणि बुद्ध इथं जन्मला म्हणून लुंबिनी गावचा कर माफ केला, पिकाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला. आम्ही कुंपणाशी बराच वेळ उभे होतो. साहेब गावात येणार म्हणजे मांडव, हार, जेवणावळी, आणि सगळी वर्गणी गावाच्या डोक्यावर, हा आपला अनुभव. इथं राजा आला आणि गावाचा सारा कमी झाला, आणि तेवढं सांगण्यासाठी त्यानं दगडावर कोरून ठेवलं. राजानं श्रद्धा दाखवली ती कुणब्याच्या सारापट्टीत. याच्यावर आम्ही स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो, पण वेळ कमी आहे.

तिथं देशोदेशींचे विहार आहेत. कालव्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे, पश्चिमेला महायानी. ब्रह्मदेश, थायलंड, श्रीलंका, चीन, कोरिया, अगदी जर्मनीसुद्धा. कोरियाच्या विहारात आम्हाला स्वस्तात राहायला मिळालं. साधं जेवण, आणि आपलं ताट आपणच धुवायचं. मास्तरला एक खोड. माणूस बघायच्या आधी शिवण बघायची. भिक्खू दिसला की यांची नजर चिवरावर. ब्रह्मदेशाचं मातकट तांबडं, थायलंडचं केशरी, कोरियाचं राखाडी. विनयात अशी कथा आहे की बुद्धानं मगधाची बांध घातलेली भातशेतं बघितली आणि आनंदाला सांगितलं, चिवराचे तुकडे असे जोडता येतील का? आनंदानं ते जमवलं. मास्तर कथा ऐकून गप्प झाले, मग शेताकडं बोट करून म्हणाले, "खरंच की, हे बघ मधले बांध म्हणजे टिपा." त्या दिवशी ते फार खुशीत होते.

भैरहवाहून काठमांडूची बस. नारायणगढ, मुग्लिङ, मग त्रिशूली नदीच्या कडेनं डोंगर चढत. सारा दिवस त्यातच गेला. आम्ही सपाट रानातली माणसं, खिडकीतून खाली नदी बघितली की पोटात गोळा. काठमांडूला उतरून लागूनच असलेल्या पाटण शहरात, त्याला ललितपूरही म्हणतात, एका घरगुती लॉजवर खोली घेतली. नाव घेत नाही. घरच्या बाई वयानं आमच्या थोरल्या बहिणीएवढ्या. घरात बुद्धाची मूर्ती, समोर दिवा. आम्हाला हायसं वाटलं.

बाईंच्या घराला मागच्या बाजूनं लाकडी टेके लावलेले होते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचे. त्या भूकंपात नेपाळात जवळपास नऊ हजार माणसं गेली. आम्ही म्हणालो, आम्ही लातूर जिल्ह्याचे, आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. बस, एवढ्यानं ओळख झाली. त्यांचा भूकंप दुपारी ११ वाजून ५६ मिनिटांनी, शनिवारी. तिथं शनिवारी सुट्टी असते, शाळा रिकाम्या होत्या म्हणून लेकरं वाचली. आपला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. बाईंनी विचारलं, घरं कशाची होती? आम्ही म्हणालो, दगड-मातीची, जाड भिंती. त्या म्हणाल्या, आमची पण. मग चुलीपाशी बसवून जेवू घातलं. दोन दिवस असं चाललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिरण्यवर्ण महाविहार बघायला गेलो. सोन्याचा मुलामा दिलेलं छत, पितळी मूर्ती, कबुतरं, फिरणारी प्रार्थनाचक्रं, डोळे दिपून जातात. दारात सूचना, चामड्याची वस्तू आत न्यायची नाही. मास्तरनं कमरेचा पट्टा काढला आणि पँट हातानं धरून आत आले. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं, बोललो काही नाही. चामडं म्हटल्यावर आपल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते इथं बसलेल्यांना सांगायला नको.

आत एक बारा वर्षांखालचा मुलगा पूजेची सेवा करत होता. ती पाळी असते, तीस दिवसांची. आम्ही चौकशी केली, ही पाळी कुणाला मिळते? उत्तर मिळालं, या विहाराच्या शाक्य आणि वज्राचार्य घराण्यातल्या मुलांना. म्हणजे संघात येणं जन्मानं. नेवार बौद्धांत मुलाचं मुंडन होतं, चार दिवस तो चिवर घालून भिक्खू होतो, मग चिवर उतरवून घरी. पुढं लग्न, संसार, पण विहारावरचा हक्क कायम. बाहेरच्या माणसानं कितीही श्रद्धेनं म्हटलं तरी तो त्या संघाचा होत नाही. चौदाव्या शतकात जयस्थिती मल्ल राजानं जातींची उतरंड पक्की केली असं तिथं सांगतात. १८५४ मध्ये जंगबहादूर राणानं 'मुलुकी ऐन' नावाचा कायदाच केला. त्यात माणसं पाण्यावरून वाटली. ज्यांच्या हातचं पाणी चालतं ते, ज्यांच्या हातचं चालत नाही ते, आणि ज्यांच्या स्पर्शानं अंगावर पाणी शिंपडावं लागतं ते. महाडच्या तळ्यावर जे आपल्याला रिवाज म्हणून सांगितलं गेलं, ते तिथं सरकारी छापाच्या कागदावर होतं.

गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली काशीहून एका नेपाळी सोबत्याबरोबर काठमांडूला गेले होते. बौद्ध धर्म शिकायचा म्हणून गेले, आणि तिथली अवस्था बघून निराश होऊन बुद्धगयेला आले, पुढं सिलोनला गेले. 'निवेदन' या त्यांच्या आत्मकथनात हे आहे. वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, फार जुनी गोष्ट झाली.

तिसऱ्या दिवशी असन बाजारात गेलो. काय तो बाजार! झेंडूच्या माळा, त्याला ते सयपत्री म्हणतात, तांब्याची भांडी, मसाले, वाळवलेली मासळी, लोकरीच्या टोप्या, आणि त्या गर्दीतून ढकलत निघालेली एक वरात. लग्नसराईचा महिना होता. पुढं पंचे बाजा. सनई आपलीच, लांब वाकडा नरसिंगा, झांजा, एक बारका ढोल आणि एक मोठा, त्याला दमाहा म्हणतात. आमच्या अंगात आलं, मास्तर नाचायच्या बेतात. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, वाजवणारे कोण? तो म्हणाला, दमाई. दमाहा वाजवतात म्हणून दमाई. आणि वाजवत नाहीत तेव्हा काय करतात? कपडे शिवतात.

मास्तरनं मान वळवली. "कपडे शिवतात?"

नेपाळच्या डोंगरात शिंपीकाम ही अस्पृश्यांची जात आहे. लोहारकाम कामींचं, चामडं सार्कींचं, शिलाई आणि वाजंत्री दमाईंची. त्यांनी शिवलेला कपडा अंगावर चालतो, त्यांनी वाजवल्याशिवाय लग्न होत नाही, पण त्यांच्या हातचं पाणी चालत नसे.

आता नीट ऐका. त्या संध्याकाळी लॉजच्या बाईंनी सहज विचारलं, "तुमचा थर काय?" थर म्हणजे आडनाव-कुळी. आम्ही म्हणालो, आम्ही बौद्ध. त्या हसल्या, बौद्ध हा थर नाही, काम काय करता? आम्ही म्हणालो, डाळमिलमध्ये आहोत. मास्तर म्हणाले, "मी शिलाई करतो." बाई थांबल्या. हळूच म्हणाल्या, "दमाई?" आम्ही काय बोललो ते त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही. रात्री आमची ताटं ओसरीत आली. डाळ तीच, भात तोच. फक्त चुलीपासून पंधरा पावलं लांब.

मास्तर उठून दारापर्यंत गेले. आवाज चढवला नाही. हिंदीत म्हणाले, "आई, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात जात नाही." बाई खाली बघून म्हणाल्या, "हामी पनि बौद्ध." आम्ही पण बौद्धच आहोत.

त्या रात्री मास्तर झोपले नाहीत. पहाटे आम्हाला म्हणाले, "गड्या, आपल्या बापानं मला शिलाईला घातलं ते कशासाठी? जात सुटावी म्हणून. गावातली येसकरकी, मेलेलं ढोर, यातून बाहेर पडावं म्हणून. इथं तर शिलाईच जात हाय." बंधूंनो, 'आपल्या बापानं' म्हणाले ते. त्यांचे वडील आणि आमचे वडील एकाच दिवशी पांढरी वस्त्रं घालून दीक्षेला उभे राहिलेले, म्हणून.

आम्ही खोली सोडली. भांडण केलं नाही, पैसे चुकते केले. मग मास्तरनं हट्ट धरला, आता मला इथला शिंपी बघायचा. गल्लीबोळ फिरून एक दुकान सापडलं, आडनाव परियार. दमाई लोक आता हे आडनाव लावतात. माणूस गोरखा जिल्ह्यातला, भूकंपात घर पडलं म्हणून शहरात आलेला. मास्तर म्हणाले, मी पण शिंपी. त्यानं खुर्ची दिली नाही, स्वतःचं स्टूलच पुढं केलं आणि विचारलं, "आमच्याकडचा चहा चालेल?" आम्ही म्हणालो, त्यासाठीच आलोय.

दोन तास बसलो. दोघांनी एकमेकांच्या कात्र्या हातात घेऊन बघितल्या. तो सांगत होता, गावाकडं वर्षभर मालकाच्या घरचे कपडे शिवायचे आणि सुगीला धान्य न्यायचं, त्याला 'बाली' म्हणतात. आम्ही म्हणालो, आमच्याकडं त्याला बलुतं म्हणतात. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. १९६३ च्या नव्या कायद्यानं भेदभाव गेला, २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदा आला, २०१५ च्या संविधानातही बंदी आहे, हे त्याला सगळं ठाऊक होतं. शहरात खोली भाड्यानं घेताना मात्र थर बदलून सांगावा लागतो, हेही ठाऊक होतं. बाबासाहेबांचं नाव त्याला माहीत होतं. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब याच काठमांडूत आले होते, बुद्ध आणि कार्ल मार्क्स यावर बोलले, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा-सोळा दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं, हे मात्र आम्ही सांगितलं तेव्हा त्यानं मशीन थांबवलं. "इथं? काठमांडूत?" म्हणाला.

परतीच्या गाडीत आमचं दोघांचं कडाक्याचं वाजलं. मास्तरचं म्हणणं, जन्मावर संघ चालवणाऱ्यांना बौद्ध म्हणू नये. आमचं म्हणणं वेगळं. राणांच्या राज्यात धम्म शिकवला म्हणून १९४४ साली थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर काढलं होतं. तरी ते परत आले. स्वयंभूच्या टेकडीवर आनंदकुटी विहार आहे, तिथं आता कुणीही जाऊन बसतं. आम्हीही बसलो. कुणी थर विचारला नाही. तेव्हा एका ओसरीवरून सगळ्या देशाचा न्याय करू नये. मास्तर म्हणाले, "तुला ओसरीत बसवलं ते माझ्यामुळं. मला बसवलं ते माझ्यामुळं. फरक हाय." यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

झाशी गेल्यावर मास्तरनं वेगळाच विषय काढला. ते म्हणाले, आपल्याकडं सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय असतो? "आधीचे कोण?" पोटजात बघतो की नाही? मातंग समाजातली, आणखी कुठली, कुटुंबं दीक्षा घेऊन याच विहारात वंदनेला येतात. किती घरांनी त्यांना लेक दिली, किती घरांनी त्यांची केली? हे ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या, दिसतंय इथून. पडू द्या. ही ओळ मास्तरची आहे आणि ती सांगायचीच या अटीवर ते आज सभेत आलेत.

परत आल्यावर मे २०२० मध्ये बातमी वाचली. नेपाळातल्या पश्चिम रुकुम जिल्ह्यात एक दलित मुलगा वरच्या जातीच्या मुलीसाठी मित्रांसह तिच्या गावी गेला, गावानं पाठलाग केला, आणि सहा तरुणांचे जीव गेले. मास्तरनं पेपर घडी घालून मशीनच्या खणात ठेवला. परियार शिंप्याचा फोन आला तेव्हा दोघंही त्यावर फार बोलले नाहीत, एवढंच विचारलं की तुझी पोरं कुठं आहेत.

वेळ झाल्याची घंटा अध्यक्षांनी दोनदा वाजवली, तेव्हा कामाचं सांगून बसतो. ज्यांना जायचं त्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा, नुसत्या आधारकार्डावर निघू नये. नोटांचा नियम बदलत असतो, निघायच्या आधी बँकेत विचारून घ्यावा. आम्हाला बारा दिवसांत माणशी नऊ हजारांच्या आत खर्च आला, आता जास्त धरा. थंडीत गेलात तर स्वेटर न्या, पाटणला रात्री हात आखडतात. चामड्याचा पट्टा घरी ठेवा. मास्तर नाडीची पँट शिवून देतात, शिलाई नेहमीचीच. आणि परियारांच्या दुकानाचा पत्ता त्यांच्याजवळ आहे, चहाला जायचं असेल तर मागून घ्या.